दारू सुटून तीन महिने झालेल्याच्या हातात व्यसनमुक्ती केंद्राच्या किल्ल्या द्याव्यात का?

रात्रपाळी_सांगली
सांगलीजवळ एका निवासी व्यसनमुक्ती केंद्रात चौथं वर्ष माझं, अटेंडंट म्हणा, पडेल ते काम म्हणा. स्वतः कधी दारूला शिवलो नाही. आमच्याकडं आता नवीन टूम निघालीय, कोर्स संपलेल्या पेशंटलाच कामाला ठेवायचं, राहणं-जेवण फुकट, वर हातात दोन-तीन हजार. परवा असाच एक गडी, दारू सुटून जेमतेम तीन महिने, त्याला रात्री एकट्याला वीस जणांवर बसवला आणि पहाटे नवीन ॲडमिशनला फिट आली तर हा त्याच्या तोंडात चमचा कोंबतोय आणि बाकीचे किचनमधी कांदा शोधतायत! नशिबानं मी वरच झोपलेलो. माझं मत, दोन वर्षं सोबर, म्हणजे दारूशिवाय, राहिल्याशिवाय किल्ली नाही.

सोबर_सातारी
दादा राग मानू नका पण हे कोरड्या माणसाचं बोलणं झालं. मी तिसऱ्या महिन्यापासनंच केंद्रात राबलो, संडास धुण्यापासनं, आज ९ वर्षं झाली. तेव्हा घरी गेलो असतो तर पोवई नाक्यावरच गळपटलो असतो. झडतीत पेशंटनं पुडी कुठं लपवलीय ते मला त्याच्या बसण्यावरनं कळतं, तुम्हाला कळेल का? आणि एए (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना सावरायची संघटना) काढलं कुणी, दोन दारुड्यांनीच ना, १९३५ साली अमेरिकेत ॲक्रनला, एक शेअर दलाल आणि एक सर्जन. सर्जनचा शेवटचा घोट १० जूनचा, आणि महिना व्हायच्या आत दोघं तिसऱ्या दारुड्याला समजवायला गेलेसुद्धा. त्यांना कुणी दोन वर्षं थांबा म्हटलं असतं तर?

मिरजेची_सिस्टर
तो तिसरा माणूस हॉस्पिटलात ॲडमिट होता हो, आजूबाजूला नर्स होत्या. हे सांगायचं राहिलं तुमचं 🙂
समजावणं वेगळं, विड्रॉल म्हणजे दारू तुटल्यावरचा त्रास सांभाळणं वेगळं. दारू तुटली की फिट बहुतेक पहिल्या दोन दिवसांतच येते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप, थरथर, भिंतीवर किडे दिसणं, यात माणूस दगावतो. तिथं अनुभवाचे बोल काय कामाचे? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जमुळं होणारे त्रास पण धरलेत, म्हणजे केंद्राची नोंदणी हवी, नियम आले. दोन वर्षांची अट मला पण पटत नाही, दहा वर्षं सोबर असलेला पण चमचाच घालेल जर त्याला कुणी शिकवलंच नसेल तर.

तासगावची_सून
मला वेगळंच बोलायचंय. आमचे हे पण असेच "स्टाफ" होते, पावणेदोन वर्षं. सेवा म्हणे! चोवीस तास ड्युटी, सुट्टी मागितली की "बाहेर गेलास की पिशील", आणि घरात मुलीची फी मी शिवणावर भरतेय. पगार मागायला लागले तेव्हा यांना सांगितलं, अजून तुझा अहंकार गेला नाही. शेवटी तिथंच स्लिप झाली, म्हणजे परत प्यायले, तर दुसऱ्या दिवशी पिशवी देऊन गेटबाहेर. स्टाफ असता तर नोटीस दिली असती, पेशंट असता तर उपचार केले असते, हे दोन्हीत नव्हते.

सोबर_सातारी
वहिनी, हे चूकच. माझ्याबाबतीत असं झालं नाही, आमचे सर चांगले होते, पहिल्या वर्षी मला एकट्याला कधी बसवलंच नाही, जोडीला कायम जुना माणूस. पण म्हणून आमच्यासारख्यांना दारच बंद करू नका एवढंच.

रात्रपाळी_सांगली
दार बंद कुठं म्हणलो, किल्ली म्हणलो मी 😄 पण सिस्टरचं पटलं, दोन वर्षांचा हट्ट सोडला. काल मालकांना म्हटलं रात्रीला दोन माणसं द्या आणि फिट आल्यावर काय करायचं ते सगळ्यांना शिकवा, तर म्हणे बजेट नाही. आणि त्याच दिवशी ऑफिसला एसी बसला. आता त्या पोराबरोबर मीच जागतोय, डबल ड्युटी. पोरगं वाईट नाही, त्या रात्रीपासनं दर तासाला उठून सगळ्यांचे श्वास बघून येतंय.