सातारा हिल हाफ मॅरेथॉनला सहा आठवडे राहिलेत आणि गुडघा बाहेरून दुखतोय

तळजाई_पहाट: नमस्कार मंडळी. वय 41, दोन वर्षं पुण्यात तळजाई टेकडीवर पळतेय, यंदा पहिल्यांदाच साताऱ्याला नाव दिलंय. गेले तीन आठवडे उजवा गुडघा बाहेरच्या बाजूने दुखतो. पहिले पाच किमी काही म्हणजे काही नाही, सहाव्याच्या आसपास सुई टोचल्यासारखं सुरू होतं, चालायला लागलं की थांबतं, परत पळालं की परत. सूज नाही. पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, आणि रविवारी लाँग रननंतर दूध आणायला निघाले तर कठडा धरून एकेक पायरी आडवी उतरावी लागली, तेव्हा खरंच घाबरले. ग्रुपमध्ये म्हणतात नी कॅप घाल आणि पळ, होईल सवय. काय करू? रेस सोडायची अजिबात इच्छा नाहीये.

घाटवाट: ताई, सवय होत नाही हो. 2018 ला मी सेम दुखणं घेऊन साताऱ्याला उभा राहिलो, सकाळी पेनकिलर घेतली होती. यवतेश्वरचा घाट चढताना गुडघ्याने हूं का चूं केलं नाही, कासच्या रस्त्याला ढग खाली आलेले, मस्त वाटत होतं. यू टर्न घेऊन उतार लागला आणि दोन किमीत पाय लाकडासारखा झाला, शेवटचे चार किमी गुडघा न वाकवता चालत खाली आलो. त्यानंतर पाच महिने पळणं बंद. गोळीने दुखणं जात नाही, फक्त कळत नाही, म्हणून गोळी घेऊन पळू नका एवढीच कळकळीची विनंती.

फिजिओ_मिरज: न तपासता निदान सांगणार नाही, पण वर्णन आयटी बँडसारखं वाटतंय. कमरेच्या हाडापासून मांडीच्या बाहेरून गुडघ्याखाली नडगीपर्यंत जाणारा हा जाड पट्टा. गुडघा साधारण 30 अंशात वाकलेला असतो तेव्हा तो हाडाच्या उंचवट्यावर दाबला जातो, आणि उतारावर ब्रेक लावत लांब पावलं टाकली की पाय नेमका त्याच कोनात वजन झेलतो. म्हणून जिना चढताना ठीक, उतरताना कळ.

एक करून बघा. आरशासमोर पायरीवर दुखऱ्या पायावर उभं राहून दुसरी टाच हळूच खाली टेकवा. कंबर एका बाजूला कलली किंवा गुडघा आत वळला तर ग्लूट म्हणजे नितंबाचे स्नायू कमजोर असू शकतात. मग साइड लेग रेज (कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं), क्लॅमशेल (कुशीवर गुडघे वाकवून वरचा गुडघा उघडणं) आणि पुढे हाच पायरीवरचा स्टेप डाउन, दिवसाआड. फोम रोलर मांडीवर फिरवा, गुडघ्याच्या दुखऱ्या हाडावर नको. दोन आठवडे सायकल किंवा पोहणं, तेही दुखत नसेल तरच. नंतर सपाटीवर तीन किमीपासून सुरुवात, पावलं छोटी आणि भरभर. रोज रस्त्याच्या एकाच कडेने पळत असाल तर तेही बदला, कडेच्या उतारामुळे एकाच पायावर ताण येतो.

सूज आली, गुडघा अडकला किंवा चालताना दगा द्यायला लागला तर मात्र थेट ऑर्थोपेडिककडे जा.

तळजाई_पहाट: आत्ता आरशासमोर करून बघितलं, डावीकडे कंबर सरळ सरळ खाली जातेय आणि गुडघा आत! दोन वर्षांत स्ट्रेंथ कधी केलीच नाही, नुसते किमी मोजत राहिले. पण मग साताऱ्याचं काय?

फिजिओ_मिरज: तारखेच्या दहा दिवस आधी दोन गोष्टी बघा, सपाटीवर 10 किमी न दुखता आणि जिना सरळ न दुखता. दोन्ही जमलं तर जा, चढ पळा, उतार छोट्या पावलांनी, कळ आली की चाला. एक जरी नाही जमलं तरी यंदा नको.

घाटवाट: आणि नाहीच जमलं तरी साताऱ्याला या ताई. घाटात उभं राहून ओरडायला माणसं लागतातच, चहाचं माझ्याकडे लागलं.

तळजाई_पहाट: ठरलं दादा. उद्या सकाळचा रन कॅन्सल, नऊला फिजिओची अपॉइंटमेंट घेतलीय.