ईस्टरच्या सुट्टीत माउंट सॉलिटरीला रस्ता चुकलो, नेमकं कुठे चुकलं?

पाऊलवाट_सिडनी:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण हे डोक्यातनं जातच नाहीये. ईस्टरच्या चार दिवसांच्या सुट्टीत आम्ही सहा मित्र सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्स डोंगरांत गेलो होतो. शनिवारी गोल्डन स्टेअर्सने उतरून रुइन्ड कासलवरनं माउंट सॉलिटरी, रात्री वरती टेंट, रविवारी त्याच वाटेने परत, इतका साधा प्लॅन. सगळे पुण्या-नाशकाकडचे, राजगड-तोरणा कितीदा केलेले, त्यामुळे कुणालाच धाकधूक नव्हती.

रविवारी सकाळी दाट धुकं. पश्चिमेकडच्या धारेवरनं उतरायचं होतं, तिथे कातळावर वाट अशी दिसतच नाही, चार ठिकाणी लोकं गेल्यासारखं वाटतं. नकाशा एकाच्याच फोनमध्ये आणि तो फोन रात्रीच बंद पडलेला. एका फांदीला गुलाबी टेप बांधलेली दिसली म्हणून तिकडे वळलो, जवळ जाऊन हात लावला तर ती टेप नव्हती, निलगिरीची सोललेली साल होती, पावसाने भिजून गुलाबीसर झालेली. तोवर बरंच उतरलो होतो आणि परत वर चढायला कुणी तयार होईना.

बाराच्या सुमारास ऊन आलं. आमच्यातला मोठा, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, तो म्हणाला दुपारी सूर्य दक्षिणेकडे असतो, तो डाव्या हाताला ठेवून चालत राहू म्हणजे पश्चिमेलाच जाऊ. मला सिडनीत सात वर्षं झाली, माझ्या मागच्या अंगणात दुपारचं ऊन उत्तरेकडनं येतं हे रोज बघतो मी. मला तिथेच खटकलं होतं. पण बोललो नाही, दादा पुढे होता, सगळे दमलेले, म्हणलं त्याला माहीत असेल.

पुढे दोन-अडीच तास कड्याच्या पायथ्याने नेच्यांतनं वाट काढत चाललो, ते सगळं उलट्या दिशेने. वरनं सूर्यास्त पावणेसातला हे शनिवारी बघून ठेवलेलं, आणि रविवारी पहाटे डेलाइट सेव्हिंग (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे ठेवतात ते) संपून घड्याळं एक तास मागे गेली हे कुणाच्या ध्यानातच नाही. पावणेसहालाच अंधार, दरीत तर त्याच्याही आधी. सहा जणांत मिळून दीड लिटर पाणी उरलेलं. एक जण म्हणत होता ओढा धरून खाली जाऊ, कुठेतरी वस्ती लागेलच, त्यावरनं भांडण झालं आणि शेवटी आहोत तिथेच थांबलो. टेंट होते म्हणून रात्र निघाली. सोमवारी मोडलेला नेचा आणि बुटांचे ठसे बघत बघत मागे गेलो, धार सापडली, दुपारी रेंज आली तेव्हा कळलं की घरच्यांनी पोलिसांना कळवलंय. बायको फोनवर काहीच बोलली नाही, नुसती रडत होती.

आता ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला परत जायचं म्हणतायत. चुकलोय हे कळल्यावर नक्की काय करायला हवं होतं? ओढ्याने गेलो असतो तर सुटलो असतो का?

कातळकडा:
आधी ओढ्याचं बोलतो, कारण तिथे तुम्ही वाचलात. आपल्याकडे सह्याद्रीत वाट चुकली की उतरत जायचं, खाली वाडी असते, गुराखी भेटतो, मामा वाट कुठंय विचारलं की झालं. ब्लू माउंटन्समध्ये नेमकं उलटं आहे. इथे गावं वर पठारावर, कटूंबा समुद्रसपाटीपासून हजार मीटरवर आहे, आणि खालच्या दऱ्या मोकळ्या. ओढे वालुकाश्मातनं कापत जातात, मध्येच कडा येतो आणि धबधबा, म्हणजे उतरलेलं माणूस ना खाली जाऊ शकतं ना वर. आणि समजा सॉलिटरीखालच्या जेमिसन व्हॅलीतनं नदीनदीने गेलातच तर पुढे काय, लेक बरगोरँग, म्हणजे वॉरगंबा धरणाचं पाणी. सिडनी पितं ते पाणी, म्हणून काठापासून ३ किमीच्या पट्ट्यात जायलाच बंदी. तिथे माणूस भेटायचा नाही.

सूर्याचं म्हणाल तर दादाला दोष देता येत नाही, तो चाळीस वर्षांची सवय बोलत होता. सिडनीत दुपारचा सूर्य बारा महिने उत्तरेलाच, सावली दक्षिणेला. रात्री ध्रुवतारा पण नाही, इथे दक्षिण शोधायची तर सदर्न क्रॉस या तारकासमूहावरनं. गावाकडे ज्याला चकवा लागला म्हणतात तो इथे असा लागतो, डोकं एका गोलार्धातलं आणि पाय दुसऱ्या.

मुक्ता_ट्रेकवाली:
पाऊलवाट, आधी हे सांग, बाकीचे पाच फोन चालू होते ना? मग जीपीएसला मोबाइलच्या रेंजची गरज नसते रे! ते सॅटेलाइटवर चालतं, फक्त नकाशा आधी डाउनलोड केलेला हवा. आणि नकाशा नसला तरी बहुतेक फोनमध्ये होकायंत्र असतंच, ते उघडलं असतंत तर उत्तर कुठे हे त्या क्षणी कळलं असतं. रागावून नाही बोलत, पण वाचताना जीव वरखाली झाला माझा.

ऑक्टोबरला जाताना बीकन घ्याच. पीएलबी (पर्सनल लोकेटर बीकन) म्हणतात, हाताच्या पंजात मावतं, बटण दाबलं की ४०६ मेगाहर्ट्झवर सॅटेलाइटला सिग्नल जातो आणि कॅनबेराच्या रेस्क्यू सेंटरला कळतं. विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही, ब्लॅकहीथच्या नॅशनल पार्कच्या सेंटरमध्ये फुकट वापरायला देतात. फक्त जिवावर बेतलं तरच दाबायचं, पाय मुरगळून चालता येत असेल तर नाही. तिथेच ट्रिप इंटेन्शनचा फॉर्म भरता येतो, ऑनलाइन पण आहे: कुठून जाणार, कोण कोण, किती वाजता परत. तुझ्या बायकोला नुसतं रविवारी रात्री येतो माहीत होतं, रस्ता कुठला हे माहीत होतं का? नसेल तर पोलिसांनी शोधायचं तरी कुठे?

आणि प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी. तीनदा वाजवायची, थांबायचं, परत तीनदा. ओरडून घसा बसतो. तसं इकडे बुशमध्ये, म्हणजे रानात, कूऽऽई करून हाळी द्यायची जुनी पद्धत आहे, तो शब्द मूळ इथल्या धारुग लोकांचा, दरीत लांब जातो आवाज.

कातळकडा:
मागे गेलात ते बरोबर, पण ते टेपच्या जागीच करायला हवं होतं. साल हातात आली तेव्हाच कळलं होतं की वाट सोडलीये. तिथनं वर चढायला वीस मिनिटं लागली असती. आणि उजेडात, ठसे स्पष्ट असताना मागे फिरणं ठीक, अंधारात किंवा खात्री नसेल तर अजिबात हलायचं नाही, शोधणाऱ्यांना थांबलेला माणूस सापडतो. सॉलिटरीवर पाण्याचा भरवसा नसतो, माणशी किमान चार लिटर न्या.

निलाक्षी:
मला यातलं ते एकच वाक्य टोचलं, "मला खटकलं होतं पण बोललो नाही". आमच्या ग्रुपमध्ये पण असंच झालेलं, फक्त थोडक्यात निभावलं. तेव्हापासून आम्ही दर तासाला थांबतो आणि सगळ्यात मागच्याला विचारतो, आपण नकाशावर कुठे आहोत ते बोट ठेवून दाखव. पुढच्याला विचारतच नाही. मागचा गप्प राहिला की तिथेच बसकण मारायची, जोवर दाखवता येत नाही तोवर पुढे पाऊल नाही. पहिल्यांदा फार ऑकवर्ड वाटतं, मोठ्यांना तर जास्तच. तू दादाशी बोललास का यावर?

पाऊलवाट_सिडनी:
सगळ्यांचे खूप आभार. मुक्ताताई, फोन चालू होते, होकायंत्र कुणालाच सुचलं नाही, आणि नाही, बायकोला रस्ता माहीत नव्हता. नुसतं "कटूंबाजवळ" सांगून गेलो होतो.

निलाक्षी, तुमचं वाचून काल दादाला फोन केला. आठवडाभर आम्ही दोघं एकमेकांना टाळत होतो. मी सांगितलं की मला उन्हाचं खटकलं होतं. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला त्यालाही एकच्या सुमारास शंका आली होती, धार उजवीकडे दिसायला हवी ती डावीकडे दिसत होती, पण मागनं पाच जण काही न बोलता येतायत म्हणजे बरोबरच असणार असं त्याला वाटलं.

नकाशाची प्रिंट मी काढतोय, सहा कॉपी. बीकन तो आणणार आहे.