दिव्यांगांचे 5 टक्के: रोख वाटायचे की व्यायामावर घालायचे?

खाडीकाठ: गेल्या आठवड्यात आमच्याकडे दिव्यांगांसाठी आरोग्य शिबिर झालं. हॉल वरच्या मजल्यावर, मला चौघांनी खुर्चीसकट उचलून नेला. काट्यावर उभं राहता येत नाही म्हणून वजन 'अंदाजे सांगा', आणि मग व्याख्यान काय, तर रोज पाऊण तास चाला!! कलमाच्या झाडावरून पडून कंबरेखालचं सगळं गेलं त्याला 9 वर्षं झाली, चालू कसा? ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के आमच्यावर खर्च करायचे असतात, ते थोडे थोडे रोख वाटून संपतात. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा फिजिओ बोलवा, शाळेच्या पडवीत बसून करायचे व्यायाम शिकवा.

माडबन_ताई: दादा, विरोध आहे. माझ्या भावाला डायपर, लघवीच्या नळ्या लागतात, त्या रोख पैशातूनच येतात. व्यायामाच्या नावाने बॅनर, फोटो नि चहा-वडा होणार, बिलं कोणाची ते सगळ्यांना माहितेय.

खाडीकाठ: नळ्या मलाही लागतात हो. पण मला माकडहाडावर बेडसोर झाला, म्हणजे सतत दाब पडून होणारी जखम, चार महिने पालथा पडून होतो, ड्रेसिंगला गेले ते पैसे वेगळेच. बसल्या जागी दर पंधरावीस मिनिटांनी बुडावरचा भार काढायचा असतो हे पहिली दोन वर्षं कोणी सांगितलंच नव्हतं. आणि खांदे हेच आता पाय, ते गेले की संडासला जायलाही माणूस लागतो.

घाटीवरचो: ह्या सगळा ठीक आसा, पण पडवीत येतलो कसो? आमच्याकडे जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, पावसात नुसता शेवाळ. आधी ती नीट करा, मगे व्यायाम.

कायद्याचं_बोला: फिजिओ पंचायतीच्या पैशातून का पण? 2016 च्या दिव्यांग कायद्यात कलम 25 आहे, जवळपास, खास करून खेड्यात, मोफत आरोग्यसेवा ही सरकारची जबाबदारी, उत्पन्नाची अट असू शकते. आरोग्य केंद्राकडे मागा, 5 टक्के राहू देत लोकांच्या हातात. बाकी व्यायाम हवाच, जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये अपंग प्रौढांनाही आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय.

खाडीकाठ: हे पटलं, ग्रामसभेत मांडतो. पण आरोग्य केंद्र हो म्हणेपर्यंत थोडे तरी पैसे इकडे वळवा, हे माझं कायम.

माडबन_ताई: रोख बंद करायला माझा विरोधच. पण ते भार काढायचं परत सांगा, भाऊ बाजूलाच बसलाय.

खाडीकाठ: आधी खुर्चीचे ब्रेक लावायला सांगा. खांदे दुखत असतील तर हातांवर उचलू नको म्हणावं, छाती मांड्यांवर टेकेल असं पुढे वाकून दोनेक मिनिटं थांबायचं, आणि पहिल्यांदा तुम्ही समोर उभ्या राहा, तोल जातो.