मदत हवी आहे: 20 किमीवरच्या ड्रोनचा सेन्सर, पिक्सेल 3.45 की 5.5 मायक्रोमीटर?

खाडीकाठची:
नमस्कार मंडळी. एम.टेक.च्या प्रकल्पासाठी इमेज सेन्सरचा पिक्सेल डिझाइन करते आहे, आणि अडले आहे.

आमचं घर रत्नागिरीजवळ, भाट्याच्या खाडीकाठी. उधाणाला खारबंधाऱ्याला खांड पडते, खारं पाणी भातखाचरांत शिरतं. बाबांना कळेपर्यंत दोन-तीन भरत्या आत येऊन गेलेल्या असतात. मग पावसाने मीठ धुऊन जाईपर्यंत ती जमीन पडून. सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रं पाहिली, पण तिथे पिक्सेलच 10 मीटरचा आणि फेरी 5 दिवसांची. दोन मीटरची खांड त्यात कुठली दिसायला! म्हणून 20 किमीवर दिवसभर घिरट्या घालणारा सौर ड्रोन धरला. (पावसाळ्यात खाली ढग असणार, ते मान्य. मला दिवाळीनंतरची उधाणं हवी आहेत.)

300 मिमी, एफ/4 लेन्सने 3.45 चा पिक्सेल जमिनीवर 23 सेंमी भरतो, 5.5 चा 37. रोलिंग शटर (चित्र ओळीमागून ओळ टिपणारं) बाद केलं. ड्रोन सेकंदाला 1 अंश डुलला आणि फ्रेम वाचायला 20 मिलिसेकंद लागले, तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चित्र जमिनीवर 7 मीटर सरकतं. सरळ बंधारा वाकडा दिसेल. ग्लोबल शटरला (सगळे पिक्सेल एकाच क्षणी टिपणाऱ्या) मात्र प्रत्येक पिक्सेलमध्ये चार्ज साठवायला जागा लागते. 3.45 मध्ये माझ्या हिशोबाने जेमतेम 10,000 इलेक्ट्रॉन मावतात, आणि एकाच फ्रेममध्ये उन्हात चकाकणारं पाणी आणि काळपट तिवरं! पाणी पांढरंफट्ट पडतं, नाहीतर तिवरांकडेचा बांध नॉइजमध्ये बुडतो.

5.5 घ्यावा, की 3.45 ठेवून ड्युअल गेन रीडआउट (तोच पिक्सेल कमी आणि जास्त अशा दोन गेननी वाचणं) करावं?

सिलिकॉनकर:
ताई, आधी तरंगलांबी ठरवा. 850 नॅनोमीटरला (डोळ्यांना न दिसणाऱ्या जवळच्या अवरक्त प्रकाशात) पाणी काळं आणि तिवरं उजळ येतात, म्हणजे तुमची अडचण बरीचशी उलटते. खाचरात शिरलेलं पाणीही काळं उठून दिसेल. चकाकी मात्र तिथेही राहते, ती उड्डाणाची वेळ आणि सूर्याचा कोन बघूनच टाळा.

पण 850 ला एफ/4 वर एका बिंदूचा लेन्सने पसरवलेला ठिपकाच 8 मायक्रोमीटरचा. 3.45 च्या सर्वांत बारीक तपशिलाचा निम्म्याहून जास्त काँट्रास्ट लेन्सच खाते. 5.5 घ्या. दोन मीटरच्या खांडीवर पाच पिक्सेल येतात, तेवढे पुरतात.

एपि थराची (प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या सिलिकॉनच्या थराची) जाडीही बघा. निळा प्रकाश अर्ध्या मायक्रोमीटरच्या आत शोषला जातो, 850 चा मात्र पंधरा-वीस मायक्रोमीटर खोल जातो. 5 मायक्रोमीटरच्या थरातून बहुतेक प्रकाश आरपार जाईल.

दर्यावर्दी:
एक्स्पोजरही तपासा. त्याच 1 अंशाच्या डुलण्याने 1 मिलिसेकंदात 3.45 चा पिक्सेल दीडपट सरकतो. कॅमेरा स्थिर धरणारा गिंबल चांगला नसेल तर पिक्सेलचा वाद व्यर्थ आहे.

खाडीकाठची:
सिलिकॉनकर, जाडीचा विचारच केला नव्हता, मनापासून आभार. आज रात्री 5.5 आणि 850 धरून मॉडेल पुन्हा चालवते. दर्यावर्दी, एक्स्पोजर अर्ध्या मिलिसेकंदावर आणून बघते. आणखी एक विचारू का? थर जाड केला तर खोलवर सुटलेले इलेक्ट्रॉन शेजारच्या पिक्सेलमध्ये किंवा थेट स्टोरेज नोडमध्ये (चार्ज साठवायच्या जागेत) शिरतील ना? डीप ट्रेंच आयसोलेशनने (पिक्सेलांमध्ये खोल चर खणून केलेल्या भिंतींनी) ते कितपत आवरतं? ग्लोबल शटरवर कुणी करून पाहिलं असेल तर कृपया सांगा.