लेसरने इलेक्ट्रॉनला वेग कसा काय देतात? प्रकाश तर आडवा हलवतो ना

बीएससी_इंदूर:
नमस्कार मंडळी, फिजिक्स सेकंड इयरला आहे. कॅटमधे (म्हणजे आरआरकॅट, इथलं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, पण इंदुरात कॅटच म्हणतात सगळे) इंडस-२ पाहिलं, इलेक्ट्रॉन फिरवणारी १७२.५ मीटर घेराची रिंग आणि २.५ जीईव्हीचे (जीईव्ही म्हणजे अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट, एनर्जीचं माप) इलेक्ट्रॉन. नंतर वाचलं की लेसरने एवढी एनर्जी काही सेंटिमीटरमधेच देता येते आणि तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय की प्रकाशाचं इलेक्ट्रिक फील्ड तर त्याच्या जाण्याच्या दिशेला काटकोनात असतं, शिवाय अर्ध्या सायकलमधे जिकडे ढकललं त्याच्या उलट पुढच्या अर्ध्यात ढकलणार, मग हिशेब शून्यच यायला हवा ना? इलेक्ट्रॉन पुढे कसा जातो? कुणी नीट समजावून सांगेल का?

प्लाझ्मावाली:
अरे, शंका अगदी मुळावर आहे. मोकळ्या व्हॅक्यूममधे लेसरची लाट इलेक्ट्रॉनवरून पूर्ण निघून गेली की त्याच्या पदरात जवळपास काहीच पडत नाही, याला लॉसन-वुडवर्ड थिअरम म्हणतात. म्हणून लेसरने थेट ढकलायचंच नाही, मधे प्लाझ्मा (सुटे झालेले इलेक्ट्रॉन आणि मागे उरलेले पॉझिटिव्ह आयन यांचं मिश्रण) आणायचा. ही आयडिया ताजिमा आणि डॉसन यांनी १९७९ साली मांडली.

होतं काय, की लेसरचा पल्स काही फेमटोसेकंदांचा (एक फेमटोसेकंद म्हणजे १०^-१५ सेकंद) आणि बारीक फोकस केलेला, तो गॅसमधे शिरला की समोरच्या कडेनेच गॅसचा प्लाझ्मा करून टाकतो आणि पाठोपाठचा तीव्र भाग इलेक्ट्रॉनना आजूबाजूला सारतो, कारण इलेक्ट्रॉन नेहमी जास्त तीव्रतेकडून कमी तीव्रतेकडे ढकलला जातो (पॉन्डेरोमोटिव्ह फोर्स). आयन जड, ते जागचे हलत नाहीत. मग पल्सच्या मागे उरतो नुसता पॉझिटिव्ह चार्ज, तो इलेक्ट्रॉनना परत ओढतो, ते जोरात येऊन पलीकडे जातात, पुन्हा ओढले जातात. झाली प्लाझ्मा वेव्ह. महेश्वरला नर्मदेत नाव गेली की मागे लाट उठते आणि नावेबरोबरच पुढे सरकते ना, तसंच. या लाटेचं फील्ड मात्र प्रवासाच्याच दिशेत असतं आणि लाट जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळते, त्यामुळे नेमक्या जागी सापडलेला इलेक्ट्रॉन तिच्याबरोबर पळत पळत एनर्जी घेत राहतो. तुझा अर्ध्या सायकलचा प्रश्न इथे सुटतो.

सुदामानगरचे_काका:
ताईंनी छान सांगितलं, मी आकडे देतो म्हणजे याचं महत्त्व कळेल. नेहमीच्या ॲक्सिलरेटरमधे धातूची कॅव्हिटी (पोकळ डबा) असते, तिच्यात मीटरला काही दहा मेगाव्होल्ट, फार ताणलं तर शंभराच्या आसपास, त्यापुढे धातूच्या पृष्ठभागावर ठिणग्या पडायला लागतात. प्लाझ्मा आधीच आयनाइज झालेला, त्यात आणखी काय ब्रेकडाउन होणार. घनसेंटिमीटरला १०^१८ इलेक्ट्रॉन असले तर फील्ड मीटरला शंभर गिगाव्होल्टच्या घरात जातं, म्हणजे हजारपट, आणि लाटेची लांबी साधारण ३३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग).

बाकी १९७९ साली असा लेसर कुणाकडे नव्हताच. छोटा पल्स जास्त ॲम्प्लिफाय केला की ॲम्प्लिफायरच जळायचा. १९८५ मधे स्ट्रिकलंड आणि मुरू यांनी पल्स आधी लांबवायचा, मग ॲम्प्लिफाय करायचा आणि शेवटी पुन्हा दाबायचा ही युक्ती काढली, तिला २०१८ चं नोबेल मिळालं. आपल्या कॅटमधेही १५० टेरावॅटचा (एक टेरावॅट म्हणजे १०^१२ वॅट) लेसर आहे, पल्स २५ फेमटोसेकंदांचा. गुणाकार करून बघ बेटा, एका पल्समधे चार जूलसुद्धा भरत नाहीत, सगळी करामत वेळ किती कमी आहे त्यात आहे.

बीएससी_इंदूर:
खूप खूप धन्यवाद ताई, काका. मग सरळ एक मीटर प्लाझ्मा घेतला की शंभर जीईव्ही का नाही मिळत? आणि प्रोटॉनचं पण असंच करतात का?

प्लाझ्मावाली:
तिथेच खरी मारामारी आहे. प्लाझ्मात लेसर प्रकाशाच्या वेगापेक्षा किंचित हळू जातो, इलेक्ट्रॉन थोड्याच वेळात लाटेला गाठून पुढे सरकतो आणि ब्रेक लावणाऱ्या भागात जातो (डीफेझिंग). प्लाझ्मा विरळ केला तर हे अंतर वाढतं पण फील्ड कमी होतं, म्हणून जास्त ताकदीचा लेसर लागतो. त्यात लेसर पसरतो आणि त्याची एनर्जीही संपत जाते. पसरू नये म्हणून बारीक कॅपिलरीत (नळीत) विजेचा डिस्चार्ज करून प्लाझ्माचाच चॅनल बनवतात. अमेरिकेतल्या बर्कली लॅबमधे असं करून २००६ मधे ३.३ सेंटिमीटरमधे १ जीईव्ही आणि २०१९ मधे २० सेंटिमीटरमधे ७.८ जीईव्ही मिळवले.

प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड, तो या लाटेवर चढतच नाही. त्यासाठी काही मायक्रॉन जाडीच्या पातळ फॉइलवर लेसर मारतात, तापलेले इलेक्ट्रॉन फॉइलमधून मागे बाहेर पडतात आणि त्यांच्यामुळे तयार झालेलं प्रचंड फील्ड मागच्या पृष्ठभागावरचे प्रोटॉन खेचून काढतं. गंमत म्हणजे हे प्रोटॉन बहुतेक करून फॉइलवर चिकटलेल्या पाण्याच्या नि तेलाच्या थरातले असतात! अमेरिकेतल्या लिव्हरमोर लॅबमधे २००० साली ५८ एमईव्हीपर्यंत (एमईव्ही म्हणजे जीईव्हीचा हजारावा भाग) गेले होते. कॅन्सरच्या खोल गाठीसाठी दोनशे एमईव्हीच्या वर लागतात, आणि सगळ्या प्रोटॉनची एनर्जी सारखी नसते ही अडचण वेगळीच.

राजेंद्रनगरवाला:
एक विचारतो, मग पुढे इंडस-२ सारख्या रिंगची गरजच उरणार नाही का? आमच्या भागात सगळ्यांना तिचा अभिमान आहे म्हणून विचारतोय.

सुदामानगरचे_काका:
उरणार ना. रिंगमधे तोच बीम तासन्‌तास फिरतो, वळताना जी एनर्जी एक्स-रेमधे जाते ती आरएफ (रेडिओ लहरींची) कॅव्हिटी दर फेरीला भरून देते, त्यामुळे बीमलाइनवर (रिंगमधला एक्स-रे प्रयोगापर्यंत नेणाऱ्या वाटेवर) बसलेल्या माणसाला स्थिर प्रकाश मिळतो आणि एकाच वेळी बऱ्याच जणांची कामं होतात. लेसरवाल्या मशीनमधे प्रत्येक शॉट थोडा वेगळा येतो आणि मोठ्या लेसरला दोन शॉट्सच्या मधे थांबावं लागतं. पण त्याचे इलेक्ट्रॉन बंच (पुंजके) काही फेमटोसेकंदांचेच असतात, त्यांच्यापासून तितकाच छोटा एक्स-रे फ्लॅश मिळतो. एखादी रिॲक्शन होताना बॉन्ड तुटतोय ते बघायचं असेल तर रिंगचा पल्स त्यासाठी फार लांब पडतो, तिथे हे मशीन हवं.