एमबीएला जायलोय, कपड्यांची यादी आलीय, खरंच एवढं घ्यावं लागतं का?

औश्याचा_पोरगा
नमस्कार मंडळी. कॅप राउंडला (म्हणजे सरकारी प्रवेशफेरीत) पुण्यातल्या एका एमबीए कॉलेजला नंबर लागलाय, पुढच्या महिन्यात जॉइन व्हायचंय. फी झाली, होस्टेल झालं, आता मेल आलाय की सोमवार ते गुरुवार फॉर्मल, शुक्रवारी स्मार्ट कॅज्युअल, गेस्ट लेक्चर असलं की ब्लेझर आणि टाय कंपल्सरी. ब्लेझर कॉलेजच देणार, पैसे फीमध्येच धरलेत. बाकी ६ शर्ट, ४ पॅन्ट, काळे लेदर शूज, ब्राऊन लेदर शूज, २ बेल्ट, २ टाय. मी आख्खं इंजिनिअरिंग दोन जीन्स आणि तीन टीशर्टवर काढलंय, शर्ट इन केला तो फक्त व्हायवाला. वडलांना यादी दाखवली तर म्हणले लग्नाचा बस्ता बी एवढा नसतोय. लातूरला दुकानात विचारलं, ब्रँडेड घेतलं तर २० हजाराच्या वर जायलंय. काय घ्यावं काय सोडावं कळंना. आणि हे स्मार्ट कॅज्युअल म्हणजे नेमकं काय असतंय?

कोथरूड_डेपो
भावा अभिनंदन. पहिली गोष्ट, लातूरहून काहीच घेऊन येऊ नको, निदान पॅन्ट तरी नकोच, कारण ब्लेझर कुठल्या रंगाचा मिळतोय ते अजून तुला माहीत नाही. आमच्या वेळी अर्धी पोरं नेव्ही ब्लू पॅन्टी शिवून आली आणि ब्लेझर निघाला नेव्ही ब्लू, पण दोन वेगळे नेव्ही ब्लू, ते इतकं वाईट दिसतं की विचारू नको. ग्रे पॅन्ट घे, काळा ब्लेझर असो की निळा, ग्रे दोन्हीवर जाते. शर्ट तीन बास, पांढरा, फिका निळा आणि एक बारीक रेघांचा. तीन शर्ट आणि खाली चांगला इस्त्रीवाला एवढ्यावर दोन वर्षं निघतात. ब्राऊन शूज विसर, ते कोणी तपासत नाही.

स्मार्ट कॅज्युअल म्हणजे मित्राच्या साखरपुड्याला आपण जे घालून जातो ते, कॉलरवाला टीशर्ट नाहीतर शर्ट, चिनोज म्हणजे साधी सुती पॅन्ट, धुतलेले बूट.

खरा खर्च बुटांचा आहे आणि तो पावसामुळे. तू येणार जुलै-ऑगस्टात, बसने नाहीतर गाडीवर, पहिल्याच आठवड्यात लेदर भिजणार. भिजलेले शूज हीटरपुढे किंवा उन्हात ठेवू नको, तडकतात, आत पेपर कोंबून रात्रभर पंख्याखाली ठेव. बॉक्समध्ये ओले ठेवलेस तर गणपतीपर्यंत हिरवी बुरशी. आम्ही सरळ सँडल घालून जायचो, शूज पिशवीत, गेटच्या आत गेलं की बदलायचे.

धावदोरा
सोलापूरकर आहे, आमचा युनिफॉर्म शिवायचा धंदा आहे, शाळा-कॉलेजचे ब्लेझर आमच्याकडनं जातात म्हणून लिहितो. माप घ्यायला माणूस येईल तेव्हा लाजू नको. त्याला दोन दिवसांत शेकडो पोरं उरकायची असतात, तो तयार साइज अंगात घालायला देणार आणि बाही लांब वाटली की पोरं स्वतःच लहान साइज मागतात. इथंच गंडतं. बाही आखूड करता येते, कंबर आत घेता येते, आत माया सोडलेली असली तर थोडं सैलही होतं. खांदा मात्र हलत नाही, म्हणजे हलतो, पण सगळं उसवावं लागतं आणि त्या मजुरीत नवा येईल. खांद्याचं हाड संपतं तिथंच शिलाई संपायला पाहिजे. भिंतीला एका बाजूने टेकून बघ, दंडाच्या आधी खांद्याचं पॅड टेकलं तर ब्लेझर मोठा आहे.

दुसरं, मागच्या कटला फुलीसारखा दोरा मारलेला असतो आणि बाहीवर कंपनीची पट्टी असते. दोन्ही काढायचं असतं!! वाहतुकीत घडी बिघडू नये म्हणून असतं ते. आमच्याच मालात पदवीदानाला फुलीसकट फोटो काढलेली पोरं बघितलीत मी. आणि मशीनमध्ये धुवू नको, या भावातल्या ब्लेझरला पुढून आतलं फ्युजिंग, म्हणजे आकार धरणारं कडक कापड, चिकटवलेलं असतं, ते सुटलं की छातीवर फुगे येतात आणि मग कुणाच्या बापाला बसत नाहीत.

निऱ्या_आणि_पिना
सगळे शर्ट-पॅन्टवरच आलात 😄 मुलींचं काय? आमच्या कॉलेजात मुलांना नियम दोन, दाढी आणि बेल्ट. आम्हाला टाच किती, केस बांधलेत का, ओढणी पिन केलीय का, आणि कुर्ता-सलवार फॉर्मल धरायचा की नाही यावर तर दर सेमिस्टरला नवा मेल. तयार फॉर्मल पॅन्ट घेतली तर खिसेच नाहीत, नुसती खिशाची शिलाई असते, मोबाइल आणि आयकार्ड हातात धरून प्रेझेंटेशन कसं द्यायचं. मी टेलरकडून खिसे लावून घेतले आणि मग हॉस्टेलमधल्या सगळ्या जणी त्याच्याकडे गेल्या.

इव्हेंटला साडी आणि वर कॉलेजचा ब्लेझर असा हुकूम आला तर कोणी मुलगी हे वाचत असेल तिच्यासाठी, पदर ब्लेझरच्या आतच घ्या, बाहेर काढला की खुर्चीच्या पाठीत अडकतो. कॉटन नको, फुगतं, क्रेप घ्या.

जुना_चर्चगेटी
आमच्या काळी लोकलने जायचं म्हणजे टाय खिशात घालून. विरार फास्टमध्ये इस्त्री केलेला शर्ट चर्चगेटला चुरगळलेलाच उतरतो, सहाची सहा शर्ट घेतलेस तरी. आणि हे शुक्रवारचं वेगळ्या कपड्यांचं खूळ आपल्याकडे अॅलन सॉलीने रुजवलं, १९९३ ला ब्रँड इथे आला त्यानंतर. म्हणजे सवलत म्हणून आलं आणि आता यादीत त्याचाही वेगळा खर्च.

विंग_सी
मी आयआयएमला होतो, तिथे वर्गात बर्म्युडा आणि स्लीपर, प्रोफेसरही काही म्हणत नाहीत. पण प्लेसमेंटच्या आठवड्यात आख्खं हॉस्टेल सुटात. आमच्या विंगमध्ये टायची गाठ एकालाच यायची, त्याने पहाटे सगळ्यांचे टाय स्वतःच्या गळ्यात बांधून, सैल करून, नावाच्या चिठ्ठ्या लावून ज्याच्या त्याच्या कडीला लटकवले. आम्ही तीच गाठ न सोडता आठवडाभर वापरली. त्यामुळे २ टाय घेऊ नको, एक घे आणि गाठ शिकून ये, तुझी किंमत वाढेल.

औश्याचा_पोरगा
सगळ्यांना खूप खूप धन्यवाद. वडलांना वाचून दाखवलं, २० हजाराचं पाच-सहावर आलं म्हणून खुश झाले. धावदोरा दादा, एक विचारू का, वडलांच्या लग्नातला सूट पेटीत तसाच हाय, डांबरगोळीचा वास मारायलाय पण कापड एक नंबर, ग्रे रंग. कोट डबल ब्रेस्ट हाय, तो जमणार नाही कळतंय मला. पॅन्ट कंबरेला बसायली पण खाली घोट्याच्या वर जातीय आणि मांडीला पिशवीवानी सैल.

धावदोरा
पॅन्ट टाकू नको. मांडीपासून खाली निमुळती करून मिळते, कंबरेखालच्या प्लेट (चुण्या) पण काढता येतात. जुने टेलर तळाला कापड भरपूर दुमडायचे, त्यावरच ठरेल. पाय उलटा करून पट्टीने मोज किती आहे आत आणि जुन्या दुमडीची रेघ पांढरी पडलीय का बघून सांग.