मदत हवी आहे: वजन दोन आठवडे उतरतं आणि थांबतं. स्वयंपाकात आणि रोजच्या सवयीत नेमकं काय बदलू?

तावरजाकाठ (लातूर जिल्हा)

नमस्कार मंडळी. सगळी माहिती आधीच देते. वय ३८, उंची १५७ सेंटिमीटर, वजन ७६ किलो, कंबर ९६ सेंटिमीटर. काम बसून, साडेदहा ते साडेपाच. थायरॉइड आणि साखर तपासली आहे, दोन्ही ठीक. घरात चार माणसं. सासूबाईंना मधुमेह आहे, ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे.

सकाळी दोन कप चहा, कपाला दोन चमचे साखर, दूध म्हशीचं. साडेनऊला सुशीला, पोहे नाहीतर धपाटे. डब्यात तीन पोळ्या आणि कोरडी भाजी. साडेपाचला परत चहा आणि एक वाटी फरसाण. रात्री साडेनऊला ज्वारीच्या दोन भाकरी, आमटी नाहीतर वरण, ठेचा, थोडा भात. भाजीला दाण्याचा कूट असतोच. तेलाचा पाच लिटरचा कॅन महिन्यात संपतो.

काही ठरवून सुरू केलं की पहिल्या पंधरा दिवसांत दीडेक किलो कमी होतं. नंतर काटा हलत नाही, मग माझंही मन उडतं. चालणंही तिथेच सुटतं. नळाला पाणी येतं त्या दिवशी सकाळ भरण्यातच जाते आणि एकदा खंड पडला की तो वाढत जातो. स्वतःसाठी वेगळा स्वयंपाक करणं जमणार नाही. सगळ्यांचा एकच राहील, असे उपाय सांगा.

आहार_परभणी

ताई, एवढं नीट लिहिलंत म्हणून हिशेब मांडता येतोय. वेगळा स्वयंपाक नकोच, तो कुणाचाच टिकत नाही. घरातल्या पातेल्यातच बदल करू.

आधी तेल. पाच लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो. चार माणसं, तीस दिवस: माणशी रोज ३८ ग्रॅम. तेलाच्या एका ग्रॅमला ९ उष्मांक, म्हणजे रोज ३४० उष्मांक नुसत्या तेलाचे, आणि पोट त्याने भरत नाही. हाच कॅन दोन महिने पुरवायचा. माणशी रोजचे १७० उष्मांक इथेच सुटतात, तेही सगळ्या घराचे. कॅन फोडाल त्या दिवशी त्याच्यावर खडूने तारीख टाका. रोज मोजायची गरज नाही, पंधराव्या दिवशी पाव कॅन गेलेला असला की गणित बरोबर आहे.

त्यानंतर कूट. दाण्यात जवळपास निम्मं तेलच असतं. चौघांच्या भाजीत वाटीभर कूट पडला तर माणशी शंभरेक उष्मांक वाढतात. चौघांत दोन मोठे चमचे कूट ठेवा आणि दाटपणासाठी येसर वापरा, त्यात भाजलेली धान्यं आणि डाळ असते.

फरसाणाची वाटी, म्हणजे ५० ग्रॅम, अडीचशेच्या पुढे जाते. तिच्या जागी मूठभर फुटाणे, ३० ग्रॅम. ११० उष्मांक आणि सहा-सात ग्रॅम प्रथिनं मिळतात. चहाची साखर आठवड्याला अर्ध्या चमच्याने उतरवत एका चमच्यावर आणा. एकदम बंद केली की चार दिवसांत परत सुरू होते.

हे सगळं मिळून रोज चारशेच्या वर जातं. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० उष्मांक. मोजण्यात थोडं इकडेतिकडे झालं तरी महिन्याला सव्वा ते दीड किलो उतरायला हरकत नाही. त्याहून जास्तीची घाई करू नका, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातो.

आता भाकरीबद्दल, कारण आपल्याकडे हा गैरसमज फार आहे. १०० ग्रॅम ज्वारी घ्या की १०० ग्रॅम गहू, उष्मांक सव्वातीनशे ते साडेतीनशेच्या दरम्यानच. 'भाकरी कितीही खा, वजन वाढत नाही' हे खरं नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं 'परभणी शक्ती' हे २०१८ चं वाण लोह आणि जस्त जास्त देतं, ते आवर्जून खावं, पण उष्मांक त्यातही तेवढेच. भाकरीचा फायदा म्हणजे तिला तेल लागत नाही आणि ती चावून खावी लागते. एका भाकरीला किती पीठ जातं ते एकदा वजनकाट्यावर बघा. ६० ग्रॅमची भाकरी म्हणजे २०० उष्मांक, पण हात मोठा असला तर तीच ९० ग्रॅमची होते आणि दोन भाकरीत तिसरी जाऊन बसते.

प्रथिनं तुमच्या ताटात कमी दिसतात. रोज ६० ग्रॅमच्या आसपास हवीत. घट्ट वरणाची वाटी (३० ग्रॅम तूरडाळ) सहा-सात ग्रॅम देते, मटकीची उसळही तेवढीच, दोन अंडी बारा, २५ ग्रॅम सोयावडी तेरा, वाटीभर दही चार-पाच. डब्यातल्या तीन पोळ्यांच्या दोन करा आणि कोरड्या भाजीसोबत उसळ न्या. दुपारी पोट नीट भरलं की साडेपाचला फरसाणाकडे हात जात नाही.

बिंदुसरा

आहारावर वर आलंच आहे. मला काट्याबद्दल बोलायचंय, कारण तुमचं मन तिथेच मोडतंय.

पहिल्या पंधरवड्यातलं दीड किलो बरंचसं पाणी होतं. यकृतात आणि स्नायूंत साठलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅममागे तिप्पट पाणी असतं. खाणं कमी झालं की तो साठा रिकामा होतो, पाणी जातं आणि काटा भराभरा उतरतो. नंतर चरबी उतरायला लागते ती आठवड्याला तीनशे-चारशे ग्रॅमने, आणि एका रात्रीच्या पापड-लोणच्याने अंगात धरलेलं पाणी एक किलो चढवतं. चरबी कमी होत असतानाच काटा वर दिसतो. पाळीच्या आधीच्या आठवड्यात तर हे हमखास होतं.

म्हणून रोजचा आकडा बघून काही ठरवू नका. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. रविवारी सात आकड्यांची सरासरी काढा. तुलना करायची ती सरासरीची, तीही महिन्यापूर्वीच्या त्याच आठवड्याशी. काटा फरशीवर एकाच जागी ठेवा. गादीवर किंवा उंचसखल शहाबादीवर तो चुकीचं दाखवतो.

महिन्यातून एकदा कंबर मोजा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप आवळायचा नाही. सलग चार आठवडे सरासरीही हलली नाही आणि कंबरही तेवढीच राहिली, तरच थांबलं म्हणायचं. तेव्हा आधी तेलाच्या कॅनवरची तारीख बघायची. बहुतेक वेळा तिथेच हात सैल झालेला असतो.

तावरजाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. पाण्याचं कारण कुणी सांगितलंच नव्हतं. एक अडचण आहे: तेल कमी केलं की काळा मसाला तळाला करपतो, भाजी कडू होते आणि सासूबाई ताट बाजूला सारतात. आणि लातूर भागात दोन वेळा जेवायची पद्धत लई जण करायलेत. ती मी आणि सासूबाईंनी धरावी का?

चूल-कढई

तेल कमी असताना मसाला थेट फोडणीत टाकला तर करपणारच. क्रम बदला. मोजायला पाच मिलीचा चमचा घ्या, बुधली वाकडी करून ओतायचं बंद. चौघांच्या भाजीला चार चमचे, आमटीला दोन. दोन्ही वेळचं आणि नाश्त्याचं मिळून दिवसाला चौदा चमचे होतात. कॅन दोन महिने पुरवायचा तर दिवसाला साधारण सोळा चमचे बसतात, उरलेल्यात आठवड्यातून एकदा तळण होतं.

फोडणीत मोहरी, जिरं, लसूण आणि मग कांदा. कांदा चिकटायला लागला की तेल घालू नका, दोन चमचे गरम पाण्याचा हबका मारा. असं दोन-तीनदा केलं की कांदा मऊ होतो. काळा मसाला वाटीत पाण्यात कालवून मग घाला, म्हणजे तळाला लागत नाही. भाजीवर ताटली ठेवून ताटलीत पाणी ओता, भाजी वाफेवर शिजते. कढई जाड बुडाची घ्या. पातळ ॲल्युमिनियमच्या कढईत हे जमत नाही. रंगासाठी तर्री हवीच असेल तर चारांतला एक चमचा राखून ठेवा आणि शेवटी तिखट घालून वरून ओता.

सासूबाईंसाठी एकच सूचना: तेल एका दिवसात निम्मं करू नका. दर आठवड्याला एक चमचा कमी. महिन्याभरात जीभ जुळवून घेते.

सकाळची_फेरी

चालण्याबद्दल स्पष्ट सांगतो. तुमच्या वजनाला पंधरा मिनिटं चालून जेमतेम पन्नासेक उष्मांक जास्तीचे खर्च होतात. वजन उतरतं ते मुख्यतः खाण्यातून, पण उतरलेलं टिकवायला चालणंच लागतं. त्यामुळे मोठ्या फेरीने सुरुवात करायची गरज नाही, रोजची वेळ पक्की होणं महत्त्वाचं.

'सकाळी जाईन' असं ठरवलं की टिकत नाही, कारण सकाळ पाण्याच्या, डब्याच्या हातात असते. जे काम न चुकता होतंच त्याच्या शेपटाला चालणं बांधा. रात्रीची भांडी पालथी घातली की चप्पल. एवढंच. पहिले दोन आठवडे दहाच मिनिटं, उत्साह आला तरी दहाच. मग आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवा, अर्ध्या तासापर्यंत. जेवणानंतरच्या चालण्याने साखरही कमी चढते, सासूबाईंनाही बरोबर घ्या.

पाणी येतं त्या दिवसाचा नियम आत्ताच लिहून ठेवा: त्या दिवशी दहा मिनिटं किंवा खुर्चीवरून उठ-बस, दहा-दहाच्या तीन खेपा. मांड्यांच्या स्नायूंना ती फार चांगली. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा सकाळी सातच्या आत नाहीतर रात्री आठनंतर, मधल्या उन्हात नको.

आणि खंडाची धास्ती सोडा. लंडनमध्ये २०१० साली सवयींवर प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला २५४ पर्यंतचा अंदाज निघाला. त्यातच हेही दिसलं की एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही. तुम्ही तिसऱ्या आठवड्यात सोडायलात, म्हणजे सवय लागायच्या खूप आधी. लागोपाठ दोन दिवस चुकू द्यायचे नाहीत, एवढा एकच नियम धरा.

मन्याड

सासूबाईंचं आधी. ग्लिमेपिराइड चालू असताना जेवणाची वेळ टाळली तर साखर एकदम खाली जाऊ शकते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, कधी बेशुद्धी. डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण बदलल्याशिवाय दोन वेळांची पद्धत त्यांनी अजिबात धरू नये. तेल आणि साखर कमी केल्यावरही पहिला महिना घरी साखर तपासत राहा आणि आकडे डॉक्टरांना दाखवा.

तुमच्यासाठी: डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव पोचवलेल्या पद्धतीत दोनच जेवणं, प्रत्येक ५५ मिनिटांच्या आत, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं असं आहे. मधलं फरसाण, बिस्किटं, गोड चहा सुटतात म्हणून अनेकांचं वजन उतरतं. पण दोन जेवणांत तेच तेल आणि तेवढाच कूट राहिला तर काही उपयोग नाही. करायचीच असेल तर आधी वरचे बदल दोन महिने अंगी लावा.

तुमचा बीएमआय ३०.८ येतो. आपल्या लोकांसाठी २५ पासून पुढे लठ्ठपणा धरतात, बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी. तरी ६० किलोचा आकडा डोळ्यांसमोर ठेवू नका. पाच टक्के, म्हणजे ७२ किलो, हा पहिला टप्पा. एवढ्यानेही रक्तदाब आणि साखरेत फरक पडतो. पाळी अनियमित झाली किंवा पायावर सूज, धाप असं काही आलं तर थेट डॉक्टरांकडे. बाजारात वजन उतरवणाऱ्या भुकट्या मिळतात, डब्यावर नीट घटक लिहिलेले नसतील तर हातही लावू नका.

तावरजाकाठ

सगळं वहीत उतरवलं. सासूबाईंच्या डॉक्टरांशी सोमवारी बोलते. शेवटचं एक: एकादशी आणि नवरात्रात काय करू? खिचडी होतेच घरात.

आहार_परभणी

साबुदाण्याच्या एका ताटलीत साबुदाणा, कूट आणि तूप मिळून साडेचारशेच्या आसपास उष्मांक होतात आणि दोन तासांत परत भूक लागते. खिचडी एकाच वेळी, अर्धी ताटली आणि सोबत वाटीभर दही. दुसऱ्या वेळी ५० ग्रॅम भगर आणि ताक, किंवा उकडलेलं रताळं आणि दूध. भगर अख्खी आणा, निवडून, धुऊन वापरा, आणि पीठ लागलं तर घरीच तेवढ्यापुरतं काढा. सणासुदीला आपल्या भागात भगरीच्या पिठातून विषबाधा होते ती बुरशी लागलेल्या जुन्या मालामुळे. कुबट वास आला तर सरळ फेकून द्या.